वरची काळी तीन

"हा सूर सोड. पुढचा घे," धुडकू मास्तर म्हणाले आणि क्लॅरिनेटचं तोंड बाहीला पुसायला लागले.

मी हेडफोन काढून गळ्यात टाकला. भर दुपार, त्यात पंखा बंद, कारण पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या चारही भिंतींना मी बँडचे लाल कोट टांगले होते, सोनेरी झालरींचे. कितीतरी लग्नसराईंचा घाम त्या कोटांत मुरलेला. त्या वासात आम्ही दोघं सकाळपासून शिजत होतो आणि आता सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तर मधलीच एक पायरी गाळ म्हणत होते.

"का सोडू?"

"माझ्यात तो नीट निघत नाही."

ही तर शुद्ध थाप होती. ज्या माणसाने अख्ख्या चोपडा तालुक्यातल्या घोड्या नाचवल्या, नवरीच्या पाठवणीला दगडासारख्या बापांना रडवलं, त्याच्यात एक सूर निघत नाही? मी म्हटलं, मास्तर, जसा निघेल तसा द्या, बाकीचं मी बघतो. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वरचा पुढचा सूर लावला. तो इतका स्वच्छ लागला की मला गुपचूप हेडफोन चढवून बटण दाबावं लागलं.

हा उपद्व्याप कशासाठी चालला होता ते आधी सांगतो. मास्तरांच्या हिरड्या सुटल्या होत्या. दाताच्या डॉक्टरने सांगितलं, एकही दात ठेवण्यासारखा नाही, सराई सुरू व्हायच्या आत सगळे काढून घ्या. आता क्लॅरिनेट वाजवायची म्हणजे वरचे दात तिच्या तोंडावर घट्ट टेकवावे लागतात. कवळी बसवून वाजेल का, असं मास्तरांनी विचारलं तर डॉक्टर म्हणे नुसते हसले. मास्तरांनी मला हे सांगताना स्वतःही हसून घेतलं, पण ते हसणं काही खरं नव्हतं. आमच्या धंद्यात दात गेले की मास्तर गेला, हे त्यांनीच दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा तरी म्हटलेलं.

बँडचे मालक निंबा शेठ. माणूस वाईट नव्हता, पण व्यवहाराला पक्का. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, लोटन, तुझ्या त्या लॅपटॉपमध्ये मास्तरांचा आवाज भरून घे. दात आहेत तोवर घे. एकदा का कीबोर्डवर मास्तरांचा टोन आला की नवीन क्लॅरिनेटवाला शोधायला नको आणि मास्तरांनाही उन्हातान्हात फिरायला नको, घरी बसून आराम करतील बिचारे. मास्तर तिथेच बाकावर बसले होते. 'आराम' हा शब्द ऐकताच त्यांनी मांडीवरची टोपी उचलली, तुरा सारखा केला आणि परत मांडीवर ठेवली.

मी त्या बँडमध्ये आदल्याच सराईत लागलो होतो. कीबोर्ड वाजवायचो. माझी जागा सगळ्यांत मागे, स्पीकर आणि जनरेटर लादलेल्या गाडीवर. पुढे बँड, त्याच्यापुढे नाचणारे, त्यांच्यापुढे नवरदेवाची घोडी. मला गाडीवरून दिसायची फक्त धूळ आणि हवेत उडणारे रुमाल. पण लॅपटॉपचा मला भारी नाद. सॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्यात खऱ्या वाद्याचा एकेक सूर सुटा वाजवून घ्यायचा, हळू, मध्यम आणि जोरात. प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं आणि ज्याची त्याची कळ त्याला नेमून द्यायची. मग कीबोर्डवर बोट हळू पडलं तर हळू फुंकलेला सूर निघतो, जोरात पडलं तर जोरात फुंकलेला. लांब सुराच्या पोटातला एक असा भाग हुडकायचा की तो पुन्हा पुन्हा फिरवला तरी सांधा कळू नये. मग वाजवणाऱ्याचा दम संपला तरी सुराचा संपत नाही.

हे सगळं मी मास्तरांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतींवरच्या कोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मला कापायचं, नावं लावायची आणि एकेका खुंटीवर टांगायचं. या कोटांसारखं."

मी म्हटलं, मास्तर, टांगलेला कोट घालणाऱ्याची वाट बघत असतो. माझं मलाच ते उत्तर फार आवडलं होतं. मास्तरांना आवडलं असं दिसलं नाही.

तर सगळे सूर आले, एक सोडून. वरच्या सप्तकातली काळी तीन. म्हणजे कीबोर्डवरच्या काळ्या पट्ट्यांतली तिसरी. त्या कळीपुढे सॉफ्टवेअरमध्ये रिकामी जागा राहिली आणि ती मला पडलेल्या दातासारखी दिसायला लागली. जीभ सारखी तिथेच जाते ना, तसं माझं झालं. दुसऱ्या दिवशी मी गोडीगुलाबीने विचारून बघितलं, तिसऱ्या दिवशी चहाबरोबर भजी आणून विचारलं. मास्तरांनी भजी खाल्ली, हलत्या दातांनी अगदी जपून, आणि म्हणाले, "सांगितलं ना, निघत नाही."

माझा स्वभाव असा की कुणी दार लावून घेतलं की मला फटीतून बघायलाच हवं. माझ्या मोबाइलमध्ये आदल्या वर्षीची एक वरात गाडीवरून रेकॉर्ड केलेली होती. मी ती कान देऊन ऐकली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे ज्या ज्या गाण्यात ती काळी तीन यायला हवी होती, तिथे मास्तर तिला वळसा घालून जात होते, ओट्यावर झोपलेल्या कुत्र्याला माणूस टाळून जातो तसे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गाण्याच्या भर मध्यात, काही संबंध नसताना, तोच सूर मास्तरांनी लागोपाठ तीनदा फुंकला होता, खणखणीत. त्याच्यापुढे रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं. लांब कुठेतरी सायकलची घंटी, कुणाचं खोकणं. मग परत बँड. मला वाटलं, गाणं तिथेच संपवलं असेल. तो सूर तिथून उचलावा म्हटलं तर ढोलताशाने तो पार माखलेला, वेगळा काढणं शक्य नव्हतं.

पण म्हणजे सूर निघत होता. मग द्यायला काय हरकत होती?

मी इसाकभाईंना विचारलं. ते ताशा वाजवायचे, मास्तरांबरोबर उभी हयात काढलेली. त्यांना कीबोर्डवर काळी तीन दाखवली आणि म्हटलं, हा सूर मास्तर कधी वाजवतात? ते म्हणाले, "लोटनभो, मला सुराची नावं विचारू नको. मास्तर वाजवतात, हात चालतो. कसा चालतो ते हातालाच विचार." आणि हात माझ्यापुढे करून दाखवला. आमच्या अर्ध्या बँडची हीच कथा. कान तयार, पण कानाने ऐकलेलं तोंडाने सांगायचं म्हटलं की सगळे चिडीचूप.

शेवटी मी सगळे करतात तेच केलं. शेजारचा सूर घेतला, थोडा वर ताणला आणि रिकाम्या कळीवर बसवला. सॉफ्टवेअरला त्याचं काही वाटत नाही. जिथे सॅम्पल नाही तिथे शेजाऱ्याला ताणून बसवायचं, हा त्यातला नेहमीचा रिवाज आहे. जरा कडक वाटतो, पण वरातीच्या गोंगाटात कोण ऐकतंय?

टोन तयार झाल्यावर मास्तरांना ऐकायला बोलावलं. ते एका बोटाने, खालपासून वरपर्यंत, एकेक कळ दाबत गेले. आपलाच श्वास समोरच्या स्पीकरमधून येताना ऐकून त्यांचा चेहरा कसातरी झाला. मला वाटलं रडतील. मग बोट काळ्या तीनवर आलं आणि थांबलं. त्यांनी परत दाबली.

"हा कुणाचा?"

"शेजारच्याचा. ताणून बसवलाय."

"कळतंय," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. बाकीचे सूर ऐकताना त्यांच्या कपाळावर जी आठी होती ती या खोट्या सुराने घालवली. मला याचा काही केल्या उलगडा होईना.

दात काढले. सराईतलं पहिलं लग्न आलं ते बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याच्या घरचं. निंबा शेठनी मास्तरांना निरोप पाठवला होता की तुम्ही येऊ नका, जखमा ओल्या आहेत. मास्तर आले. लाल कोट घातलेला, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि काखेत कापडी पिशवीत जोडून ठेवलेली क्लॅरिनेट. त्यांचे गाल आत गेले होते. शेठ म्हणाले, अहो, काय हे. मास्तर म्हणाले, घरी बायको दर घटकेला मऊ भात घेऊन समोर येते, त्यापेक्षा ऊन बरं. सगळे हसले, पण त्यांच्याकडे बघायचं मात्र सगळे टाळत होते. ते माझ्या गाडीच्या बाजूने चालायला लागले. पुढे, बँडच्या डोक्याशी, जिथे ते आजवर चालले, तिथे आता कुणीच नव्हतं.

टोन तुफान चालला. पोरं अशी नाचायला लागली की रस्त्यावरचा मुरूम उडाला. मी एक डोळा मास्तरांवर ठेवून वाजवत होतो. ते मान खाली घालून चालत होते आणि त्यांची बोटं पिशवीवर माझ्या गाण्याबरोबर हलत होती. मला फार वाईट वाटलं. त्यांच्याच पोटातला वारा माझ्या बोटाखालून निघत होता आणि ते बाजूने फुकटच्या पाहुण्यासारखे चालत होते.

बाजाराच्या वळणावर मास्तर एकाएकी ताठ झाले. पुढे धावले, परत माघारी आले, गाडीचा दांडा धरून माझ्यावर ओरडले. दात नसल्यामुळे शब्द फुटत नव्हते, वर आमचे स्पीकर. मी खाली वाकलो.

"समोरून मढं येतंय. थांबव."

मी गाडीवर उठून उभा राहिलो तेव्हा दिसलं. वळणाच्या तोंडाशी विस्तवाचं मडकं धरलेला एक माणूस उभा होता. त्याच्यामागे खांद्यांवर तिरडी, हिरव्या लुगड्यातली. म्हणजे सवाष्ण गेली होती. त्यांना पुढे जायला रस्ता नव्हता, कारण आमची पोरं तिथेच कोंबडा होऊन नाचत होती. आमच्याकडे प्रेत समोर आलं की बँड मुका होतो आणि बाजूला सरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पुढच्यांना दिसलंच नव्हतं. मी कीबोर्ड सोडला. त्याने काय होणार? कीबोर्ड मधूनमधून थांबतोच, ढोलताशे चालूच राहतात. मी हात हलवले, ओरडलो. सगळ्यांची पाठ माझ्याकडे.

"काळी तीन दाब," मास्तर म्हणाले. "वरची. तीनदा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रेकॉर्डिंगमधला तो सूर, त्याच्यानंतरची ती शांतता, सायकलची घंटी. गाणं संपलं नव्हतं, मास्तरांनी बँड थांबवला होता. मी कळ दाबली, तीनदा, जोर लावून. ताणलेला सूर स्पीकरमधून नीट बाहेर पडला. पुढे इसाकभाईंनी मान डोलावली, त्यांना वाटलं मी रंगात आलोय, आणि त्यांनी ताशाची लय दुप्पट केली. पोरांनी आणखी उड्या मारल्या. मडकं धरलेला माणूस डोळे मिटून उभा राहिला.

मास्तरांनी पिशवी फाडल्यासारखी काढली. दोन्ही ओठ हिरड्यांवर आत दुमडले आणि क्लॅरिनेट तोंडात घेतली. पहिल्यांदा नुसता वारा आला. मग सूर फुटला. फुटला म्हणजे खरोखर फुटकाच, निम्मा वारा आणि निम्मा आवाज, म्हाताऱ्याच्या हाकेसारखा. माझ्या स्पीकरच्या पासंगालाही पुरणार नाही इतका बारीक. तीनदा.

इसाकभाईंच्या काड्या हवेत राहिल्या. ढोल थांबला, झांजा थांबल्या, आणि मग नाचणारी पोरं एकेक करून भानावर आली. एवढ्या मोठ्या बाजारात फक्त माझ्या जनरेटरचा आवाज उरला, तो मी घाईघाईने बंद केला. मास्तर पुढे गेले, टोपी काढून काखेत धरली आणि बँडच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले. तिरडी आमच्या मधून गेली. ती पार वळून दिसेनाशी झाल्यावर मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली, आणि ठेवताक्षणी इसाकभाईंचा ताशा सुरू झाला. मास्तरांच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला होता तो त्यांनी कोटाच्या लाल बाहीला पुसला.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता मास्तर खोलीवर आले. म्हणाले, कोट टांग भिंतींना, राहिलेला सूर घे.

मी म्हटलं, मास्तर, आधी का नाही दिलात?

ते बाकावर बसले. "सगळं तर दिलं होतं रे तुला. गाणी दिली, दम दिला. एवढी एक गोष्ट ठेवली होती. ती पण मशीनमध्ये गेली की मला बोलावणार कोण? थांबवायला तरी लागेन, असं वाटलं होतं." मग म्हणाले, "पण काल ती बाई रस्त्यात अडकली. मी घरी मऊ भात खात बसलो असतो तर? अशी गोष्ट जवळ ठेवून घेणं बरं नाही."

त्यांनी ओठ आत दुमडले आणि तो सूर दिला. आणखी काही तुकडे घेतले, पण पहिलाच सगळ्यांत खरा होता. मी त्याचा आलेख लॅपटॉपवर मोठा करून बघितला. नुसती कुसळं. वारा, ओठांची फडफड, मध्ये सूर तुटलेला. सवयीने म्हणालो, थोडा साफ करतो.

"करू नको," मास्तर म्हणाले. "साफ सूर तू काल वाजवून बघितलास की."

ती कळ मी तशीच बांधली. पुढे निंबा शेठनी मास्तरांना घरी बसा असं कधी म्हटलं नाही. मास्तर पुन्हा बँडच्या डोक्याशी चालायला लागले, हात रिकामे, डोक्यावर टोपी. वेळ आली की उलटे चालत माझ्या गाडीपाशी यायचे, हात लांब करून स्वतःच्या बोटाने ती कळ तीनदा दाबायचे आणि परत पुढे जायचे. मी कधी त्या कळीला हात लावला नाही. गाण्यात ती आली तर मीसुद्धा वळसा घालायला शिकलो. त्या टोनची नक्कल पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर होत पार धुळ्या-नंदुरबारपर्यंत गेली, आणि अजूनही कुणी ना कुणी फोन करून सांगतं, भाऊ, टोन एक नंबर आहे, पण वरची काळी तीन खराब आहे, दुरुस्त करा. मी हो म्हणतो आणि फोन ठेवतो.

मास्तर गेले तेही भर सराईत. सकाळी गेले, आणि दुपारी आमची वरात ठरलेली. लग्नघराला काय सांगणार? शेठ म्हणाले, वाजवून या, मग थेट स्मशानात या, मी पुढे जाऊन थांबवून ठेवतो. आम्ही कोट चढवले. प्रेत नदीच्या रस्त्याने जाणार म्हणून आम्ही मुद्दाम बाजारातून निघालो. पण नदीचा रस्ता पाइपासाठी खोदून ठेवलेला होता, हे ना आम्हाला ठाऊक ना त्यांना.

त्याच वळणावर मला गाडीवरून मडक्याचा धूर दिसला. मागे तिरडी, आणि तिच्यावर हारांच्या खाली सोनेरी झालरीचा लाल कोट. पुढचे सगळे वाजवण्यात गर्क. ती कळ बांधल्यापासून मी तिच्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं आणि तीनदा दाबली. मास्तरांचा तो फुटका श्वास स्पीकरमधून सगळ्या बाजारावर गेला.

काड्या हवेत राहिल्या. ढोल थांबला. इसाकभाईंनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही, सवयीने टोपी काढून काखेत धरली, आणि मग समोरचा लाल कोट त्यांना दिसला. ते हमसून हमसून रडायला लागले. मास्तर आमच्या मधून गेले. मी गाडीवर उभा होतो आणि माझं बोट अजून कळीवरच होतं.

तिरडी वळून दिसेनाशी झाली तरी कुणी हललं नाही. नवरदेवाचा मामा येऊन म्हणाला, अहो, वाजवा की आता, मुहूर्त जातोय. थांबायची खूण माझ्याजवळ होती. सुरू व्हायची खूण म्हणजे मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवायची, आणि ती काही लॅपटॉपमध्ये भरून घेता येण्यासारखी नव्हती.

शेवटी इसाकभाई मागे आले. गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढले, डोळे पुसले आणि स्वतःच्या काखेतली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मग ते उतरून पुढे गेले आणि ताशा वाजायला लागला.